‘बोर्डवॉक एम्पायर’ : नायकापेक्षा त्याच्या भोवतालची माणसेच मनात घर का करतात?

दिवेलागण (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

एक दिवसाआड एक भाग असे करत गेल्या सव्वाचार महिन्यांत ‘बोर्डवॉक एम्पायर’ ही मालिका अखेर पाहून संपवली. एचबीओ वाहिनीवर 2010 ते 2014 या काळात पाच पर्वांत तिचे 56 भाग दाखवले गेले, म्हणजे मला बरीच उशिरा जाग आली आहे. पण ती डोक्यातून जात नाही म्हणून हा धागा काढतो आहे. पुढे कथानकातील जवळजवळ सगळे मृत्यू उघड होणार आहेत, तेव्हा ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांनी कृपया इथूनच परत फिरावे.

पाहून बरेच दिवस झालेल्यांना आठवण म्हणून थोडक्यात सांगतो. कथा 16 जानेवारी 1920 च्या रात्री सुरू होते. मध्यरात्रीनंतर अमेरिकेत दारू बनवणे, विकणे आणि वाहून नेणे बेकायदा ठरणार असते, आणि न्यू जर्सीतील अटलांटिक सिटी या समुद्रकाठच्या शहराचा राजकीय सूत्रधार व अटलांटिक काउंटीचा खजिनदार नकी थॉम्पसन (स्टीव्ह बुशेमी) त्याच रात्री आपल्या मंडळींना या कायद्यामुळे आता किती पैसा मिळणार आहे ते समजावून सांगत असतो. त्याचा हाताखाली वाढवलेला पोरगा जिमी डार्मडी (मायकेल पिट) पहिल्या महायुद्धातून परतलेला आहे, आणि पहिल्याच भागात तो असे काही करून बसतो की नकीला ‘अर्धा गुंड’ राहणे यापुढे परवडणार नाही.

माझी तक्रार अशी आहे की, दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस भर पावसात, युद्धस्मारकापाशी नकी स्वतःच्या हाताने जिमीला गोळी घालतो, तेव्हा त्या गोळीने मालिकेचेही प्राण गेले असे मला वाटले. त्यानंतर पंधरा दिवस मी ती लावलीच नाही. पुढच्या तीन पर्वांत उत्तम माणसे येतात हे मान्य आहे, तरी नकी पडद्यावर आला की मी घड्याळ पाहत असे आणि मुखवटा लावणारा नेमबाज रिचर्ड हॅरो किंवा कृष्णवर्णीयांचा म्होरक्या चॉकी व्हाइट आला की सावरून बसत असे. ज्याच्याभोवती सगळी रचना उभी आहे तोच माणूस इतका कोरडा का वाटावा? हा लेखनातला दोष आहे, बुशेमी यांच्या निवडीतला आहे, की माझ्याच पाहण्यातला? आणि जिमीला मारायला हवे होते का, याविषयीही आपली मते वाचायला आवडतील.

सायली_म

प्रश्न चांगला आहे, परंतु नकी कोरडा आहे हा दोष आहे असे मला वाटत नाही. तो तसा असावा म्हणूनच त्या भूमिकेसाठी बुशेमी यांना घेतले असावे. पहिल्याच भागातला त्याचा पहिला प्रवेश पुन्हा पाहावा. दारूबंदीचा पुरस्कार करणाऱ्या महिलांच्या सभेत तो उभा राहतो आणि लहानपणीच्या हलाखीची अशी काही गोष्ट सांगतो की समोरच्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या बाकी राहतात. (पदर नव्हते, रुमाल होते, पण भाव तोच.) बाहेर पडल्यावर जिमी विचारतो की हे सगळे खरे होते का, आणि नकीच्या चेहऱ्यावर येते ते हसू पाहिले की कळते, या माणसाला स्वतःचे दुःखसुद्धा कामाला लावता येते. असा माणूस आपल्याला जवळचा कसा वाटेल?

पण त्याच भागात आणखी एक जागा आहे. अटलांटिक सिटीच्या त्या लाकडी पदपथावर अपुऱ्या दिवसांची बालके उबवण्याच्या पेट्यांत ठेवून, तिकीट लावून लोकांना दाखवली जात असत. ही कल्पनेतली गोष्ट नाही; मार्टिन कूनी नावाचे एक गृहस्थ अशी प्रदर्शने खरोखर भरवत आणि त्या तिकिटांच्या पैशांवर ती बालके जगवत. नकी त्या काचेपाशी थांबतो, आत पाहतो, काहीही बोलत नाही. त्याचे स्वतःचे मूल आणि पत्नी गेलेली आहेत हे आपल्याला पुढे कळते, परंतु त्या क्षणी आपल्यासमोर असतो तो केवळ लाल कार्नेशनचे फूल कोटाला लावलेला एक श्रीमंत माणूस आणि काचेपलीकडचे तळहाताएवढे मूल. बुशेमी यांनी तिथे भुवईसुद्धा हलवलेली नाही, आणि नकी मला कळतो तो याच थांबण्यातून. आपण ज्याला कोरडेपणा म्हणता त्याच्या आत काय दाबून ठेवले आहे ते त्याला स्वतःलाच पाहायचे नसते.

जिमीविषयी : तो जायलाच हवा होता. जो तरुण उघड उघड सांगतो की आपण खंदकातच मेलो होतो, त्याला तीन पर्वे आणखी जगवून मालिकेने काय केले असते?

जुनी_दप्तरे

सायलीताईंनी अभिनयाच्या अंगाने लिहिले आहे. मी इतिहासाच्या अंगाने लिहितो, कारण धागाकर्त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे सापडते.

या मालिकेत दोन जातींची पात्रे आहेत. अल कपोन, लकी लुचानो, मेयर लान्स्की, आर्नल्ड रॉथस्टाइन, जॉनी टोरिओ ही गुन्हेगारी जगातली माणसे प्रत्यक्षात होऊन गेली, आणि त्यांचा शेवट केव्हा व कसा झाला हे सर्वांना ठाऊक आहे. कपोनला ऑक्टोबर 1931 मध्ये प्राप्तिकर बुडवल्याबद्दल अकरा वर्षांची शिक्षा झाली हे आपल्याला माहीत असताना 1923 मधल्या एखाद्या प्रसंगात त्याच्यावर कोणी पिस्तूल रोखले, तर आपला श्वास अडकत नाही. त्याचा भाऊ फ्रँक 1924 मध्ये शिकागोजवळच्या सिसेरो येथील निवडणुकीच्या दिवशी पोलिसांच्या गोळीने मेला, म्हणून मालिकेतही तो त्याच दिवशी, तिथेच मरतो. या मंडळींना इतिहासाचे अभयपत्र मिळालेले आहे. ते संपेपर्यंत त्यांना कोणी हात लावू शकत नाही.

उलट जिमी, रिचर्ड, चॉकी, नकीची बायको मार्गारेट, दारूबंदी अधिकारी व्हॅन ऑल्डन यांना असे कोणतेही संरक्षण नाही. चालू प्रसंगातून ते उठतील की नाही हे कोणालाच ठाऊक नसते, त्यामुळे आपला जीव आपोआप त्यांच्यात गुंततो. दोन खऱ्या गुंडांच्या वाटाघाटीत काल्पनिक माणूस शिरला की तोच जाणार हे चौथ्या पर्वापर्यंत इतके अंगवळणी पडते की ती मालिकेची एक खोडच होऊन बसते, आणि हे मी तिचा चाहता असूनही म्हणतो.

आता नकीकडे पाहा. तो मुळातल्या इनॉक ‘नकी’ जॉन्सन या माणसावर बेतलेला आहे. आडनाव बदलले आणि लेखकांना मोकळीक मिळाली. खरे नकी जॉन्सन 1941 मध्ये करचुकवेगिरीत दोषी ठरले, चार वर्षे तुरुंगात काढून बाहेर आले आणि 1968 मध्ये, वयाच्या 85 व्या वर्षी वारले. मालिकेतला नकी मात्र 1931 मध्ये त्याच पदपथावर तीन गोळ्या खाऊन पडतो. म्हणजे चार पर्वे आपण त्याला ऐतिहासिक पुरुष समजून निर्धास्तपणे पाहिले आणि शेवटी कळले की तोही काल्पनिकांच्याच पंगतीत बसलेला होता. आपल्याला तो कोरडा वाटला याचे एक कारण हे असू शकते की त्याच्यासाठी आपण कधी भ्यालोच नाही.

जाता जाता एक तक्रार माझीही. चौथे पर्व 1924 मध्ये संपते आणि पाचवे एकदम 1931 मध्ये उघडते. त्या उडीत रॉथस्टाइनचा 1928 मधला खून, शिकागोतील सेंट व्हॅलेंटाइन दिवसाचे हत्याकांड आणि मे 1929 मध्ये खुद्द अटलांटिक सिटीत भरलेली देशभरातल्या टोळीप्रमुखांची बैठक, हे सगळे गळून पडले. ज्या शहराची ही गोष्ट, त्या शहरातली सर्वांत गाजलेली घटनाच नाही! लग्नाला जावे आणि अक्षता पडण्याआधीच पंगत उठावी, तसे काहीसे झाले. पाचव्या पर्वाला आठच भाग मिळाले हे त्याचे कारण असू शकेल, पण हळहळ वाटते ती वाटतेच.

मोहाचे_झाड

वरच्या दोन्ही प्रतिसादांपुढे माझे मत हलके वाटेल, तरी लिहितो. माझे आवडते पात्र मिकी डॉयल आहे.

कायद्याने दारूबंदी असलेल्या विदर्भातील एका जिल्ह्यात माझे बालपण गेले. तिथे सायकलच्या ट्यूबमध्ये भरलेली मोहाची दारू कोणत्या वाटेने गावात येते हे शाळकरी पोरांनाही ठाऊक असे, आणि तो धंदा करणाऱ्यांत एकजण हमखास असा असे की ज्याला कोणी गंभीरपणे घेत नसे, ज्याच्याकडे सगळ्यांची उधारी थकलेली असे, जो विनाकारण खिदळत असे, आणि बाकीचे पकडले गेले, मेले किंवा गाव सोडून गेले तरी जो पारावर बसलेला दिसे. पहिल्या भागात अंत्यविधीच्या दुकानाआड दारूचा कारखाना चालवणारा, मार खाऊनही खी-खी करत हसणारा मिकी पाहिला आणि मला आमच्या गावच्या त्या गृहस्थांची आठवण आली. पॉल स्पार्क्स या नटाने ते हसणे इतके किळसवाणे केले आहे की प्रत्येक पर्वात वाटावे, आता हा मरणार; आणि प्रत्येक पर्वात तो वाचतो. अखेर पाचव्यात त्याला गोळी लागते तेव्हा मला चक्क वाईट वाटले.

दुसरे नाव नेल्सन व्हॅन ऑल्डनचे. दारूबंदी खात्याचा हा अधिकारी आरंभी इतका कडक, देवभीरू आणि आतून पिळवटलेला दिसतो की स्वतःच्या पाठीवर स्वतः फटके मारून घेतो. पुढे सहकाऱ्याला बाप्तिस्म्याच्या निमित्ताने पाण्यात बुडवून मारतो. आणि मग नाव बदलून सिसेरोत दारोदार इस्त्र्या विकत फिरतो. इस्त्रीविक्रेत्यांच्या त्या कचेरीत बाकीचे त्याला हसत असतात आणि मायकेल शॅनन यांचा तो दगडी चेहरा हळूहळू तापत जातो, तो प्रसंग मी किती वेळा पाहिला याची मोजदाद नाही. इतक्या वर्षांनी कपोनचा गळा आवळताना तो आपले खरे नाव ओरडून सांगतो आणि तेवढ्यात मारला जातो. जुनी_दप्तरे यांच्या नियमानुसार कपोन वाचणार हे आधीच ठरलेले होते, तरीही त्या अर्ध्या मिनिटात मी तो गळा आवळला जावा म्हणून मुठी वळून बसलो होतो. तेव्हा नियम बरोबर असला तरी तो नेहमीच लागू पडतो असे नाही.

तिसऱ्या पर्वातला खलनायक जिप रोझेटी याचे कौतुक मला कधी उमगले नाही. बॉबी कॅनव्हाली यांना त्या भूमिकेसाठी 2013 मध्ये एमी हा दूरचित्रवाणी पुरस्कार मिळाला, त्याबद्दल आदर आहे. पण शब्दाशब्दाला अपमान मानून घेणारा माणूस बारा भाग पाहणे म्हणजे शेजारच्या घरातले भांडण महिनाभर ऐकणे.

रंधा

मी सहसा वाचूनच जाते, परंतु चॉकी व्हाइटवर कोणीच सविस्तर लिहिलेले नाही, म्हणून आज लिहिते.

माझे वडील सुतारकाम करत. आमच्या घरी पटाशी, रंधा, गिरमिट ही हत्यारे एका जाड कापडात गुंडाळलेली असत आणि ती बांधणी कोणी सोडलेली त्यांना चालत नसे. पहिल्या पर्वात कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेच्या एका म्होरक्याला खुर्चीला बांधून ठेवलेले आहे आणि चॉकी त्याच्यासमोर अशीच एक बांधणी सोडतो, तेव्हा मी प्रथम त्याच्या हातांकडे पाहिले. तो घाई करत नाही. आपला बाप किती निष्णात सुतार होता, एका गोऱ्या माणसासाठी त्याने पुस्तकांची कपाटे किती देखणी केली होती, आणि मग त्याला कसे मारण्यात आले, ही हकीकत तो अगदी खालच्या आवाजात सांगतो. ही बापाची हत्यारे आहेत एवढे सांगून झाल्यावर पुढे काय होणार हे समोरच्याला आणि आपल्यालाही कळलेले असते. मला भीती वाटली ती त्या गोऱ्या माणसासाठी नव्हे; ज्या हत्यारांनी कपाटे झाली त्यांना आता काय करावे लागणार, याची होती.

दुसऱ्या पर्वात याचाच दुसरा पदर आहे. चॉकीला वाचता येत नाही. मुलीला मागणी घालणारा शिकलेला तरुण घरी जेवायला आलेला असतो, पत्नीने बेत पाहुण्याला शोभेलसा केलेला असतो, आणि चॉकीला हवे असते त्याचे नेहमीचे, गरिबीतले, चवळी घातलेल्या भाताचे जेवण. त्यावरून तो पानावर भडकतो, आणि शेवटी घरात पियानोचे सूर चालू असताना बाहेरच्या शेडमध्ये एकटा लाकूड तासत बसतो. स्वतःच्या कमाईने बांधलेल्या घरात पाहुणा झालेला बाप मी पाहिलेला आहे. माझ्या वडिलांनी आयुष्यभर लोकांच्या दिवाणखान्यांत शोकेस बसवली आणि मुली शिकल्यावर त्यांच्या मैत्रिणी घरी आल्या की ते मागच्या अंगणात जाऊन बसत. मायकेल के. विल्यम्स 2021 मध्ये गेले, तेव्हा मी हाच प्रसंग पुन्हा लावला होता.

आणि रिचर्ड हॅरो. युद्धात अर्धा चेहरा गेलेला हा नेमबाज रंगवलेला पत्र्याचा मुखवटा चष्म्याच्या आधाराने लावतो. असे मुखवटे त्या काळी खरोखर होत. ॲना कोलमन लॅड या शिल्पकार बाईंनी पॅरिसमध्ये अशा सैनिकांसाठी पातळ तांब्याचे मुखवटे घडवून, त्यांच्या कातडीच्या रंगाशी मिळते रंग दिले होते. जॅक ह्यूस्टन यांना अभिनयासाठी अर्धाच चेहरा आणि घोगरा, अडखळता आवाज एवढेच भांडवल मिळाले होते. चौथ्या पर्वाच्या अखेरीस तो चॉकीचा वैरी नार्सिस याला मारायला निघतो आणि त्याची गोळी चॉकीच्याच मुलीला लागते. म्हणजे मला सर्वांत प्रिय असलेल्या दोन माणसांपैकी एकाने दुसऱ्याचे घर उजाडले. पुढे पदपथाखालच्या वाळूत पडल्यापडल्या त्याला विस्कॉन्सिनमधले घर दिसते, अंगणात सगळी माणसे उभी असतात, आणि तो जवळ जातो तेव्हा त्याचा चेहरा सबंध असतो. त्याबद्दल मला याहून अधिक काही लिहवत नाही.

दिवेलागण (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. जुनी_दप्तरे यांचा मुद्दा मला पटला आणि थोडा टोचलाही, कारण नकी खरा आहे या समजुतीनेच मी त्याच्याकडे पाठ फिरवून बसलो होतो. रंधाताई, आपला प्रतिसाद वाचून चॉकीचा तो शेडमधला प्रसंग काल रात्री पुन्हा पाहिला. पहिल्या वेळी तो मी भाजी निवडता निवडता पाहिला होता, याची लाज वाटली.

परंतु एक नाव कोणीच घेतले नाही, याचे आश्चर्य वाटते : जिमीची आई जिलियन. इतके प्रतिसाद येऊनही ती कोणालाच आवडत नाही का?

सायली_म

‘आवडते’ असे म्हणवत नाही, म्हणून राहून गेले असावे. जिलियनने जे केले त्यातले पुष्कळसे अक्षम्य आहे; स्वतःच्या मुलाला तिने ज्या रीतीने बांधून ठेवले, ते पाहताना मी मान फिरवली होती. ग्रेचन मोल यांनी मात्र तिच्यासाठी सहानुभूतीची भीक कुठेही मागितलेली नाही. दुसऱ्या पर्वात अर्धांगवायूने पडलेल्या कमोडोरसमोर, म्हणजे जिमीच्या बापासमोर, ती बसते, तेरा वर्षांची असताना त्याने आपल्याशी काय केले ते त्याला ऐकवते आणि मग थोबाडीत मारत राहते, एकामागून एक. त्यात आनंद नसतो, आवेगही फारसा नसतो. जुनी बाकी मोजून घ्यावी तसे ते चाललेले असते.

आणि धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाकडे जायचे तर मला वाटते की मालिका जिमीपाशी संपली नाही, ती तिथून मागे वळली. पाचव्या पर्वात 1884 आणि 1897 मधले जे जुने प्रसंग मध्ये मध्ये येतात, त्यांत तरुण नकीचे काम करणारे मार्क पिकरिंग बुशेमी यांच्या दातांपासून बोलण्याच्या लकबीपर्यंत इतके हुबेहूब उतरले आहेत की क्षणभर फसायला होते. शेरीफची जागा मिळावी म्हणून तो नकी पोरक्या जिलियनचा हात धरून तिला कमोडोरच्या दारी पोहोचवतो. जिमी त्यातूनच जन्मतो. जिमीला नकी मारतो, आणि 1931 मध्ये नकीला मारणारा पोरगा हा जिमीचाच मुलगा टॉमी असतो. सगळे प्रकरण एका हात धरण्यावर उभे आहे.

जुनी_दप्तरे

जिलियनच्या संदर्भात एक भर घालतो. शेवटच्या पर्वात ती ज्या वेड्यांच्या इस्पितळात असते तिथले डॉ. हेन्री कॉटन हे पात्र काल्पनिक नाही. न्यू जर्सीतील ट्रेंटन येथे या नावाचे डॉक्टर खरोखर होते आणि वेडाचे मूळ शरीरातल्या जंतुसंसर्गात असते अशा समजुतीने ते रुग्णांचे दात आणि पुढे पोटातले अवयवही काढत असत. शेवटच्या भेटीत जिलियन नकीशी जवळजवळ बोलतच नाही, आपले बोट आणि त्यावर बसलेला किडा पाहत राहते, त्यामागे हे सगळे आहे. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला हे माहीत नव्हते आणि तो प्रसंग लांबल्यासारखा वाटला होता.

मोहाचे_झाड

सायलीताईंच्या ‘हात धरण्या’वर : शेवटचे दृश्य आठवते का? कमोडोर समुद्रात नाणी फेकत असे आणि गावातली पोरे ती पकडायला बुड्या मारत. गोळ्या लागल्यावर आपल्याला दिसतो तो पाण्याखालचा लहानगा नकी, आणि त्याच्या मुठीत नाणे असते. मी तेव्हा ‘बरे झाले, पोराला मिळाले’ असे मोठ्याने म्हणालो होतो. बायकोने विचारले की आत्ता तर तू त्याला शिव्या देत होतास. काय उत्तर द्यावे ते अजून सुचलेले नाही.